विश्लेषण : ‘शित्झू-पॉम मिक्स, खूप मायाळू, मेंटेनन्स झिरो’... छोटा कुत्रा सांभाळणं खरंच इतकं सोपं आहे का?

‘शित्झू-पॉम मिक्स. ४५ दिवसांचं पिल्लू. खूप मायाळू. फ्लॅटसाठी बेस्ट. मेंटेनन्स झिरो.’ या धाटणीचा मेसेज आणि सोबत कापसाच्या गोळ्यासारख्या पिल्लाचा फोटो तुमच्याही एखाद्या ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. खाली लगेच ‘ऑ’, ‘किती गोड’, ‘प्राइस डीएम करा’. आठवडाभरात ते पिल्लू कुणाच्या तरी टू-बीएचकेमध्ये पोहोचलेलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोटा, मिश्र जातीचा कुत्रा हा शहरातल्या घरासाठी फार चांगला सोबती आहे. पण वरच्या पाच वाक्यांपैकी एक बेकायदा आहे, एक सरळ खोटं आहे आणि उरलेली तीन अर्धवट खरी आहेत. गडबड होते ती या अर्धवट खऱ्या वाक्यांमुळेच. ‘छोटा आहे, कोपऱ्यात पडून राहील’ या समजुतीवर घरी आणलेला कुत्रा दीड-दोन वर्षांत ‘कुणाला हवाय का?’ या मेसेजचा विषय होतो. म्हणून ही जाहिरात जरा उलगडून पाहू.

४५ दिवसांचं पिल्लू विकता येतं का?

नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीसाठी नियम केले. त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा, म्हणजे ५६ दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणं आणि पिल्लाला मायक्रोचिप बसवणं हेही त्याच नियमांत आहे. आता आठवून पाहा, तुमच्या ओळखीत ज्यांनी पिल्लू ‘घेतलं’, त्यांच्यापैकी किती जणांना नोंदणी क्रमांक दाखवला गेला होता?

हे ५६ दिवस कुणी हवेतून काढलेले नाहीत. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळत असतं. जोरात चावलं की समोरचं भावंड कळवळतं, खेळ थांबतं, आईही अधूनमधून दटावते. दातांना किती जोर द्यायचा हे पिल्लू तिथे शिकतं. पाच-सहा आठवड्यांत उचललेलं पिल्लू हा धडा अर्धवट सोडून येतं आणि मग ‘हे फारच चावतं हो’ अशी तक्रार सुरू होते. शिवाय छोट्या चणीच्या पिल्लांत साखर झपाट्याने खाली येण्याचा धोका असतो. सहा आठवड्यांचं, किलोभरही वजन नसलेलं पिल्लू प्रवासात काही तास उपाशी राहिलं तर ते लुळं पडू शकतं, झटकेही येऊ शकतात.

त्यात पार्व्हो आहेच. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरत जातं आणि लसीचं संरक्षण अजून पुरतं तयार झालेलं नसतं, त्या मधल्या काळात हा विषाणू गाठतो. रक्ताचे जुलाब, उलट्या आणि दोन-तीन दिवसांत खेळ खल्लास. म्हणूनच लस एकदा देऊन भागत नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या आसपास, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे बूस्टर. आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिसची लसही टाळू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या लघवीवाटे पसरणारा हा आजार कुत्र्याला होतो, तसाच माणसालाही.

विकणारा खरा की नाही हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. ‘आई दाखवा’ म्हणा. जो माणूस पिल्लू घेऊन हायवेवरच्या हॉटेलसमोर किंवा मॉलच्या पार्किंगमध्ये भेटतो, तो आई दाखवत नाही. कारण ती बहुतेक वेळा कुठल्यातरी पिंजऱ्यात पुढच्या वेतासाठी बसवलेली असते.

मिक्स म्हणजे नेमकं काय मिक्स?

मराठी घरांत ‘आमच्याकडे पामेरियन होता’ हे वाक्य दर चौथ्या माणसाकडून ऐकू येतं. त्यातले बरेचसे कुत्रे पामेरियन नव्हतेच. खरा पामेरियन जेमतेम दोन-तीन किलोचा. आपल्याकडे होता तो इंडियन स्पिट्झ, जरा मोठा, उन्हाळा बऱ्यापैकी सोसणारा. १९९४ च्या ‘हम आपके है कौन’मधला टफीही स्पिट्झच, आणि त्या सिनेमानंतर पांढऱ्या केसाळ कुत्र्यांना आलेला भाव आमच्या आधीच्या पिढीला चांगला आठवतो. त्या स्पिट्झचा पुढे शित्झूशी, ल्हासाशी किंवा गल्लीतल्या एखाद्या रुबाबदार गावठीशी संबंध आला आणि आजचा ‘मिक्स’ तयार झाला.

मिश्र जात म्हणजे जास्त निरोगी, हे गृहीतक सगळीकडे आहे. ते कितपत खरं आहे? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्यांच्या पशुवैद्यकीय रुग्णालयातल्या १५ वर्षांच्या नोंदी तपासल्या. २४ आनुवंशिक आजार आणि २७ हजारांहून अधिक आजारी कुत्रे. निष्कर्ष असा, की २४ पैकी दहा आजार शुद्ध जातींत जास्त होते, १३ आजारांमध्ये फरकच नव्हता आणि गुडघ्यातला एक स्नायुबंध तुटण्याचा त्रास उलट मिश्र जातींत जास्त दिसला. थोडक्यात, मिक्स असण्याचा फायदा आहे, पण तो गॅरंटी कार्ड नाही. दोन्ही पालक छोट्या चणीचे असतील आणि दोघांच्याही घराण्यात गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष असेल, तर तो पिल्लात येणारच नाही असं संकरामुळे आपोआप होत नाही.

‘डिझायनर’ मिश्र कुत्र्यांची कथा तर फारच बोलकी आहे. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन या गृहस्थांनी लॅब्रेडॉर आणि पूडलचा संकर केला. हवाईतल्या एका अंध महिलेला मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. हेतू नेक होता. पुढे लॅब्राडूडलची फॅशन आली, कुणीही कशाचाही कशाशीही संकर करून विकू लागलं आणि आपण हे सुरू केलं याचा पस्तावा कॉनरन यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. गंमत म्हणजे ज्या अ‍ॅलर्जीसाठी हे सगळं झालं, त्याचाही पाया कच्चाच. ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या अंगावर अ‍ॅलर्जीला कारणीभूत प्रथिन कमी असतं, असं नेदरलँड्समधल्या २०१२ च्या अभ्यासात आढळलं नाही. घरात कुणाला दमा असेल तर जाहिरातीवर विसंबू नका. त्या विशिष्ट कुत्र्याबरोबर दोन-तीन वेळा तासभर बसून पाहा.

आणि केस. स्पिट्झच्या अंगावर दुहेरी थर असतो, शित्झूचे केस माणसासारखे वाढतच राहतात. दोन्हींचा मेळ झाला की कानामागे, काखेत आणि मागच्या पायांच्या मध्ये अशा गाठी बसतात की कातडी ओढली जाते. एक दिवसाआड विंचरणं हे ‘झिरो मेंटेनन्स’मध्ये कसं बसतं ते जाहिरातवालाच जाणे. उन्हाळ्यात ‘त्याला गरम होतं’ म्हणून दुहेरी केसांच्या कुत्र्याचं चकोट करणाऱ्यांनाही एक विनंती : आतला थर गेला की उन्हापासूनचं संरक्षणही जातं आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. नीट विंचरून गळलेला आतला थर काढून टाकणं हाच उपाय आहे.

मायाळू असणं हा गुण आहे की गरज?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे आणि नेमका तोच कुणी विचारात घेत नाही.

जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१५ मधला प्रयोग बराच गाजला होता. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात जे संप्रेरक काम करतं, तेच. म्हणजे तुमचा कुत्रा तुमच्याकडे टक लावून बघतो तेव्हा ते फक्त बिस्किटासाठी नसतं. (बिस्किटासाठीही असतं.)

छोट्या सोबती जाती शेकडो वर्षं याच कामासाठी निवडल्या गेल्या आहेत. मेंढ्या राखायच्या नाहीत, शिकार करायची नाही, फक्त माणसाजवळ राहायचं. त्यांचं काम म्हणजे तुम्ही. अशा कुत्र्याला घरात एकटं ठेवून जाणं म्हणजे त्याचं कामच काढून घेणं.

आता हिशोब करू, इंजिनीअरिंगची डिग्री कुठेतरी वापरायलाच हवी. नवरा-बायको दोघंही नोकरीला. सकाळी नऊला घर बंद, ट्रॅफिक धरून रात्री आठला उघडणार. ११ तास. वर्षाला २५० कामाचे दिवस धरले तर २,७५० तास. प्रौढ कुत्रा एका वेळी चार ते सहा तास एकटा राहू शकतो असं साधारण मानलं जातं. पिल्लाचं तर सोडाच. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांपलीकडे लघवी धरवत नाही. मग संध्याकाळी सोफ्यावर डबकं दिसलं की ओरडा खायचा तो पिल्लानेच.

एकटेपणाचा त्रास ओळखायचा कसा? दरवाजाची चौकट कुरतडणं, सतत भुंकणं किंवा विव्हळणं, शिकवलेलं असूनही घरात घाण करणं, पंजे चाटून चाटून लाल करणं. आपण याला ‘बदला घेतो’ म्हणतो. कुत्रा बदला घेत नाही, तो घाबरलेला असतो. एखाद्या दिवशी जुना फोन व्हिडीओ सुरू करून टीव्हीशेजारी ठेवून जा. घराचा दरवाजा बंद झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते बघितल्यावर अनेकांचं मत बदलतं.

उपाय आहेत, पण त्यांना वेळ लागतो. पिल्लू आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याला दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत ठेवा, मग पाच, मग पंधरा. जाताना लाडाचा मोठा निरोप समारंभ नको, आल्यावर जल्लोष नको. हुंगायला लावणारी खेळणी द्या, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवलेले खाण्याचे दाणेही चालतील. दुपारी कुणीतरी येऊन जाण्याची सोय लावा. शेजारच्या काकू, कॉलेजातला भाचा, पगारी वॉकर, कुणीही. ही सोय आधी लावा आणि कुत्रा नंतर आणा, उलट नको. लॉकडाऊनमध्ये चोवीस तास माणसांनी भरलेल्या घरांत आलेल्या पिल्लांनी ऑफिसं पुन्हा सुरू झाल्यावर काय भोगलं, हे बऱ्याच सोसायट्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं आहे.

चतकोर पोळी दिली तर काय बिघडतं?

पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ते ४०० कॅलरी लागतात. घरातली एक मध्यम पोळी जवळपास १०० कॅलरींची. चार-पाच ग्लुकोज बिस्किटं म्हणजेही साधारण तेवढंच. म्हणजे आजीने प्रेमाने दिलेली एक अख्खी पोळी ही त्या जिवासाठी दिवसाच्या जेवणाचा पाव हिस्सा असते. तुमच्याआमच्या मापात सांगायचं तर पाचशे कॅलरींचा नाश्ता. तोही मूळ जेवणाच्या वर. छोटा कुत्रा जाड झाला की तो ‘गुबगुबीत, गोड’ दिसतो आणि त्याच्या आधीच नाजूक असलेल्या गुडघ्यांवर अन् श्वासनलिकेवर भार येतो. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात, ही घरच्या घरी करायची तपासणी.

दूध-पोळीवर वाढलेले कुत्रे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते जगायचे, हे खरं. पण त्यात पुरेशी प्रथिनं नसतात आणि अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. घरचं खाणं द्यायचं असेल तर भाताबरोबर उकडलेलं चिकन किंवा अंडी, उकडलेला भोपळा, गाजर असं द्या, आणि कॅल्शियमचं काय करायचं ते पशुवैद्यांना विचारा. नुसत्या चिकन-भातात ते पुरेसं मिळत नाही.

मराठी स्वयंपाकघरातला खरा धोका मात्र वेगळा आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही. म्हणजे आमटी-भात, रश्शातली चिकनची फोड, कांद्याची भजी हे सगळं बाद. द्राक्षं आणि मनुका-बेदाण्यांमुळे काही कुत्र्यांची किडनी निकामी होते. कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचं माप नाही, त्यामुळे शिऱ्यातला बेदाणाही नको. चॉकलेट नको, शुगर-फ्री गोळ्या-च्युइंगममधलं झायलिटॉल तर अगदीच नको. आणि ताप आला म्हणून माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनची एक गोळी पाच किलोच्या कुत्र्याला जिवावर बेतू शकते. इथे ‘छोटा’ हा शब्द फार महत्त्वाचा ठरतो. तीस किलोचा लॅब्रेडॉर जे पचवून नेतो, त्याने चार किलोचा मिक्स आडवा होतो.

दात, गळा, गुडघे आणि गोचीड

कुत्रा मोठा असो वा छोटा, प्रौढ दात ४२. तेवढे दात एवढ्याशा जबड्यात बसवायचे म्हणजे दाटी होणारच. त्यात अन्न अडकतं, कीटण साठतं, हिरड्या सुजतात. कित्येक छोट्या कुत्र्यांचे दुधाचे दात पडतच नाहीत आणि मागून नवे येतात. सहा महिन्यांचं झालं की एकदा ओठ उचलून दाखवा डॉक्टरांना. दात घासण्याची सवय पिल्लूपणीच लावा. कुत्र्यांची टूथपेस्ट वेगळी मिळते, आपली वापरायची नाही. ‘त्याच्या तोंडाला वास येतोच’ हे आपण इतकं सहज मान्य केलंय की दहाव्या वर्षी निम्मे दात काढावे लागतात तेव्हा आश्चर्य वाटतं.

गळ्यात पट्टा घालून ओढणं छोट्या जातींना वाईट. त्यांच्या श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडण्याचा त्रास असतो आणि मग हॉर्न वाजल्यासारखा कोरडा खोकला सुरू होतो. छातीला बसणारा हार्नेस घ्या, पट्टा फक्त नाव-नंबरच्या बिल्ल्यासाठी ठेवा. चालता चालता मागचा एक पाय दोन पावलं उचलून धरतो आणि पुन्हा नीट चालतो, हे पाहून घरात हसू होतं. ती गुडघ्याची वाटी सरकण्याची खूण असू शकते. सोफ्यावरून उड्या कमी कराव्यात, गुळगुळीत टाइल्सवर चटई टाकावी, आणि दाखवून घ्यावं.

गोचीड हा आपल्या हवामानातला कायमचा पाहुणा. कुत्रा फ्लॅटमधला असला तरी तो खाली फिरायला जातो, आणि तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत, फर्निचरच्या फटींत अंडी घालते. तिच्यातून होणारा गोचीडताप सुरुवातीला ‘आज जेवला नाही, मलूल आहे’ एवढाच दिसतो. प्लेटलेट्स कमी होतात, पुढे नाकातून रक्तही येतं. लवकर रक्ततपासणी केली तर गोळ्यांनी बरा होतो, दोन आठवडे वाट पाहिली तर जीव जातो. प्रतिबंधक गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वजन करूनच घ्या. गोठ्यातल्या जनावरांसाठीचं गोचीडनाशक पाण्यात मिसळून छोट्या कुत्र्याला अंघोळ घालण्याचा प्रकार गावाकडे आणि शहरातही चालतो. त्या औषधाचं माप चार किलोच्या जिवासाठी नसतं.

मादी असेल आणि पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या. न केलेल्या माद्यांना उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका मोठा असतो आणि तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया हाच इलाज उरतो. ‘एकदा तरी आई होऊ दे बिचारीला’ हा आपल्या मनातला भावनिक सिनेमा आहे, वैद्यकीय आधार त्याला नाही.

आणखी एक. छोट्या कुत्र्याचा चावा आपण मोजत नाही. ‘नुसते दात लागले.’ रेबीजचा विषाणू कुत्र्याची उंची पाहून येत नाही. ओरखडा का असेना, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरच्या कुत्र्याची लस वेळेवर झालेली आहे ना, हे वर्षातून एकदा कार्ड काढून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

खर्चाची भीती वाटत असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने फक्त गाई-म्हशींसाठी नसतात. मुंबईकरांचं परळचं ‘बैलघोडा’ हॉस्पिटल तर सगळ्यांना माहीत आहे. शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

सोसायटी नाही म्हणाली तर?

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगू शकत नाही. पण याच सूचना पाळणाऱ्यालाही लागू आहेत. लसीकरण, स्वच्छता, इतरांना त्रास न होणं. आपण पहिला भाग छापून नोटीस बोर्डावर लावतो आणि दुसरा विसरतो. खिशात पिशवी न ठेवता कुत्रा फिरवणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही, मग कुत्रा कितीही गोड असो. महापालिकेचा परवानाही काढा. मुंबई-पुण्यात तो बंधनकारक आहे, आणि हरवलेला कुत्रा सापडायला त्याची मदत होते.

१४ वर्षांनी तुम्ही कुठे असाल?

छोटे कुत्रे दीर्घायुषी. १२ ते १५ वर्षं सहज जगतात. माझ्या वयाच्या, म्हणजे पंचविशी ओलांडलेल्या माणसाने आज पिल्लू आणलं तर ते जाईल तेव्हा तो चाळिशीत असेल. मध्ये दोन-तीन नोकऱ्या, शहर बदलणं, लग्न, मूल, कदाचित परदेश. या प्रत्येक वळणावर कुत्र्याचं काय, हा प्रश्न येतो आणि आपल्याकडे त्याचं ठरलेलं उत्तर आहे : ‘आई-बाबांकडे ठेवू.’

हे दृश्य कोथरूडपासून ठाण्यापर्यंत हवं तिथे दिसेल. मुलगा बंगळूरूला, मुलगी न्यू जर्सीला आणि सकाळी साडेसहाला गुडघ्याला पट्टा बांधलेले काका तिचा शित्झू घेऊन निघालेत. अनेकांना त्या कुत्र्याने जगायला कारण दिलंय, हे मी नाकारत नाही. रिकाम्या घरात कुणीतरी दाराशी धावत येतं, त्याची किंमत त्यांनाच ठाऊक. पण त्यांना कुणी विचारलं होतं का? पावसात, तापात, हृदयाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात तोच कुत्रा दिवसातून तीनदा खाली न्यावा लागतो. स्वतःचं औषधपाणी सांभाळून त्याच्या हृदयाच्या गोळ्या वेळेवर द्याव्या लागतात. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत हृदयाच्या झडपेचा आजार सर्रास होतो. मुलांनी घेतलेल्या निर्णयाची अंमलबजावणी आई-वडिलांनी करायची, ही आमच्या पिढीची सवय कुत्र्याच्या बाबतीतही सुटलेली नाही.

परदेशी न्यायचा विचार असेल तर तोही शेवटच्या महिन्यात होत नाही. युरोपीय संघासाठी आधी मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस, मग रक्ताची चाचणी आणि त्यानंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा असा क्रम आहे. क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेनेही ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी नियम कडक केले आहेत. व्हिसा लागल्यावर नव्हे, अर्ज करतानाच कुत्र्याची फाइल उघडा.

आणि जमलंच नाही तर? प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड किती? दहा ते पन्नास रुपये. नो पार्किंगमध्ये स्कूटर लावली तर यापेक्षा कितीतरी जास्त भरावे लागतात. सोडून दिलेला गावठी कुत्रा कदाचित तग धरेल. विंचरलेल्या केसांचा, सोफ्यावर झोपणारा, बसक्या नाकाचा पाच किलोचा मिक्स गल्लीतल्या टोळीसमोर फार दिवस काढत नाही. दंडाची रक्कम वाढवायला हवी यात शंका नाही. पण मायक्रोचिपची सक्ती खरोखर राबवली तर जास्त फरक पडेल असं मला वाटतं. चिप वाचली की मालकाचं नाव समोर येतं, आणि नाव समोर येणं ही आपल्याकडे पन्नास रुपयांपेक्षा बरीच मोठी भीती आहे.

मग छोटा कुत्रा हवाच असेल तर?

विकत घेण्याआधी निवारा केंद्रांत आणि दत्तक देणाऱ्या ग्रुप्सवर विचारा. सोडून दिलेले, तीन-चार वर्षांचे छोटे मिक्स तिथे असतात. पिल्लू नाही म्हणून लोक त्यांना घेत नाहीत, पण नोकरी करणाऱ्या घरासाठी तोच बरा सौदा. त्याचा आकार, केस आणि स्वभाव समोर दिसतो, कुठे शी-शू करायची ते बहुतेकदा माहीत असतं आणि दात येण्याच्या वयात तो तुमच्या चपला खात नाही. काही संस्था आधी पंधरा दिवस सांभाळायला देतात. ती संधी घ्या आणि त्या पंधरा दिवसांत सुट्टी काढू नका, रोजच्यासारखं ऑफिसला जा.

दत्तक देण्याआधी कार्यकर्ते घर पाहायला येतात, घरातल्या सगळ्यांशी बोलतात. यावर काही जण चिडतात, ‘कुत्राच घ्यायचाय, मुलगी नाही मागत’ असंही ऐकवतात. येऊ द्या त्यांना. खिडक्यांना जाळी आहे का, बाल्कनीच्या गजांमधून एवढंसं डोकं बाहेर जाईल का, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. आणि ते एक प्रश्न हमखास विचारतात, ज्याचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी आधीच बसून ठरवून ठेवावं : जुलैच्या पावसात, सकाळी सहा वाजता, याला खाली कोण नेणार?